ॲनिव्हर्सरी एडिशन स्पोर्ट्स कारचे जादा पैसे वसूल होतात का? टोकन देण्याआधी हिशोब असा करा

लिमिटेड ॲनिव्हर्सरी एडिशन, म्हणजे वर्धापनानिमित्त काढलेली खास आवृत्ती, घ्यायची की तेच मॉडेल साधं घ्यायचं, हा प्रश्न बहुतेक लोक उलट्या क्रमाने सोडवतात. आधी फोटो बघून जीव जडतो, मग डीलरचा फोन येतो की दोनच उरल्यात, मग टोकन जातं आणि त्यानंतर हिशोब सुरू होतो, आणि तो हिशोब अर्थातच हवा तसाच येतो कारण निर्णय आधीच झालेला असतो. त्यात नेहमीच्या चुका म्हणजे एडिशनची तुलना बेस मॉडेलच्या किमतीशी करणं, लोक मागतायत त्या किमतीला बाजारभाव समजणं, आणि डॅशबोर्डवरच्या पाटीवर नंबर आहे म्हणजे गाडी दुर्मिळ आहे असं धरून चालणं.

खाली क्रम दिलाय तो तसाच ठेवा. टप्पा ५ आधी आणि टप्पा २ नंतर केलात तर उत्तर चुकतं.

## तयारी: हे हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका

पहिलं म्हणजे एडिशनची पूर्ण टेक्निकल शीट, ब्रोशर नाही. ब्रोशरमध्ये "खास ट्यून केलेलं" असं लिहितात, शीटमध्ये वजन, पॉवर, गिअर रेशो, टायर साइज आकड्यात असतं. दुसरं, ज्या साध्या मॉडेलवर एडिशन बेतलीय त्याची शीट आणि ऑप्शनची किंमतयादी. इथे नीट बघा, एडिशन बऱ्याचदा बेस मॉडेलवर नाही तर वरच्या व्हेरियंटवर असते. तिसरं, त्याच कंपनीच्या जुन्या ॲनिव्हर्सरी गाड्या प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या त्याच्या नोंदी. चौथं, दोन्ही गाड्यांचं इन्शुरन्स कोटेशन, साधीचं आणि एडिशनचं वेगवेगळं. पाचवं, खरेदीच्या कराराचा मसुदा. डीलर म्हणेल आधी टोकन द्या मग करार दाखवतो, तर तिथेच समजा काय ते.

थांबा: टोकन परत मिळतं असं तोंडी सांगितलं तर ते मिळत नाही असं धरा. कधीपर्यंत रद्द केलं तर किती परत, हे लेखी हवं.

## टप्पा १: गाडीचं तुम्ही नक्की काय करणार

तीनच उत्तरं आहेत: चालवणार, जपून ठेवणार, किंवा काही वर्षांनी विकून पैसे काढणार. लोक म्हणतात तिन्ही करू. तिन्ही होत नाही. वर्षाला बऱ्यापैकी किलोमीटर झाले की "जपलेली गाडी" म्हणून मिळणारा भाव संपतो आणि अजिबात न चालवता ठेवली तर जास्तीचे पैसे ज्या एंजिन-सस्पेन्शनसाठी दिले ते तुम्ही वापरलंच नाही.

म्हणून कागदावर दोन आकडे लिहा, वर्षाला किती किलोमीटर आणि किती वर्षं ठेवणार. पुढचा सगळा हिशोब या दोन आकड्यांवर उभा आहे, आणि नंतर गाडी आवडली म्हणून हे आकडे बदलायचे नाहीत.

चालवणाऱ्यासाठी थोडी सूट आहे. त्याने प्रीमियमचा, म्हणजे एडिशनसाठी दिलेल्या जादा पैशांचा, काही भाग सरळ खर्च म्हणून सोडून द्यायला हरकत नाही, हौसेला मोल नसतं म्हणतात ते इथे लागू. पण किती सोडला ते आत्ताच लिहा, नाहीतर शेवटी सगळाच प्रीमियम हौसेच्या खात्यात जातो.

## टप्पा २: बरोबरीची किंमत काढा

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात म्हणून जरा सावकाश जाऊया.

कंपनीच्या कॉन्फिगरेटरवर (वेबसाइटवर ऑप्शन निवडून किंमत बघायची सोय) साधं मॉडेल उघडा आणि एडिशनमध्ये जे जे येतं ते सगळं एकेक करून टिक करा, स्पोर्ट्स एक्झॉस्ट, चांगल्या सीट्स, मोठी चाकं, ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन, सिरॅमिक ब्रेक असतील तर ते, म्युझिक सिस्टीम, लेदर, सगळं. जी गोष्ट साध्या गाडीला मिळतच नाही ती वेगळ्या कागदावर लिहा, ती टप्पा ३ मध्ये लागेल. आता जो आकडा आला ती तुमची बरोबरीची किंमत.

एक उदाहरण घेऊ, चलन कुठलंही धरा. साधी गाडी १००. एडिशनसारखे ऑप्शन टाकल्यावर ११६. एडिशनची कंपनीची यादीतली किंमत १३०. डीलर मागतोय १४५.

बहुतेक जण म्हणतील प्रीमियम ४५ आहे. नाहीये. खरा प्रीमियम १४५ वजा ११६, म्हणजे २९. आणि त्यातही दोन वेगळे तुकडे आहेत: १४ कंपनीने लावलेत आणि १५ डीलरने. हे दोन तुकडे शेवटपर्यंत वेगळेच ठेवा, एकत्र करू नका, कारण कंपनीच्या १४ च्या बदल्यात काहीतरी वस्तू तरी मिळते, डीलरच्या १५ च्या बदल्यात फक्त रांगेतली जागा मिळते.

उलटी चूकही होते. काही जण एडिशनमधले सगळे ऑप्शन पूर्ण किमतीला धरतात आणि "बघा, फुकटच पडतेय" म्हणतात, पण त्यातले निम्मे ऑप्शन त्यांनी साधी गाडी घेताना कधीच टिक केले नसते. जे तुम्ही घेतलंच नसतं त्याला पूर्ण किंमत देऊ नका, अर्धी धरा किंवा शून्य. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो.

तपासा: बरोबरीची किंमत काढताना गिअरबॉक्स आणि बॉडी दोन्हीकडे सारखी आहे ना? कूपेची तुलना कन्व्हर्टिबलशी, मॅन्युअलची ऑटोमॅटिकशी केली की पुढचे सगळे आकडे बिघडतात.

## टप्पा ३: प्रीमियम फोडून बघा

आता कंपनीचे ते १४ कशाचे आहेत ते बघायचं. चार ढीग करा.

१. मशीनमधला फरक, जो दुसऱ्या कुठल्याही चालू मॉडेलला मिळत नाही.
२. मशीनमधला फरक, जो ऑप्शन म्हणून इतरांनाही मिळतो.
३. रंग, शिलाई, बॅज, पाटी, दाराच्या उंबऱ्यावर (सिलवर) कोरलेलं नाव, सोबत मिळणारी बॅग किंवा घड्याळ.
४. निव्वळ संख्या कमी असल्याचे पैसे.

पहिला ढीग टिकतो. दुसरा साध्या गाडीसारखाच झिजतो. तिसरा बहुतेक वेळा हवेत जातो. चौथ्याचं काय होतं ते टप्पा ४ वर अवलंबून.

हे फोडणं किती महत्त्वाचं आहे ते एकाच कंपनीच्या दोन गाड्यांवरून कळतं. पोर्शेने ९११ ला ६० वर्षं झाली म्हणून २०२३ मध्ये ९११ एस/टी काढली, १९६३ गाड्या, कारण ९११ पहिल्यांदा १९६३ ला दाखवली होती. त्यात जीटी३ आरएसचं (९११ चंच ट्रॅकसाठीचं व्हेरियंट) ५२५ पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) चार लिटर एंजिन, फक्त मॅन्युअल गिअरबॉक्स, हलका क्लच, मॅग्नेशियमची चाकं आणि वजन १३८० किलो. हे कॉम्बिनेशन दुसऱ्या कुठल्याच ९११ मध्ये तेव्हा मिळत नव्हतं, म्हणजे पहिला ढीग मोठा. पुढच्याच वर्षी ९११ टर्बोची पन्नाशी आली, १९७४ गाड्या, पॉवर ६५० पीएस, म्हणजे टर्बो एसला जेवढी होती तेवढीच. फरक मुख्यतः डेकल (गाडीवर चिकटवायची नक्षी), रंगसंगती, कापडाचा पॅटर्न असा. गाडी वाईट अजिबात नाही, टर्बो एस वाईट कशी असेल, पण प्रीमियम जवळजवळ सगळा तिसऱ्या आणि चौथ्या ढिगात आहे. दोन्हीवर "ॲनिव्हर्सरी" लिहिलंय, दोन्हीची संख्या साधारण सारखी, आणि तरी हिशोब पूर्ण वेगळा.

दुसऱ्या ढिगाला फसणारे खूप असतात. ९९६ पिढीतली ९११ ची चाळीस वर्षांची एडिशन, २००३ ची, ३४५ हॉर्सपॉवर होती आणि साध्या करेराची (करेरा म्हणजे ९११ चं नेहमीचं व्हेरियंट) त्याहून कमी, म्हणून लोक म्हणायचे एंजिनच वेगळं आहे. पण तो पॉवर किट साध्या करेरालाही ऑप्शन म्हणून मिळायचा. खास होतं ते एवढंच की सगळं एकत्र बांधून, ठरावीक रंगात, १९६३ गाड्यांपुरतं दिलं.

मधल्या गाड्याही असतात. २०१३ ची ९११ पन्नास वर्षांची एडिशन घ्या: एंजिन करेरा एसचंच ४०० पीएस, पण करेरा ४ ची रुंद बॉडी आणि पॉवर मात्र फक्त मागच्या चाकांना. त्या पिढीच्या साध्या करेरा एसला ती रुंद बॉडी मिळत नव्हती, त्यामुळे पहिल्या ढिगात थोडंसं काहीतरी पडतं, फार नाही. असं असेल तर स्वतःलाच विचारा, ही एक गोष्ट मला नसती मिळाली तर मी ती मुद्दाम किती पैसे देऊन करून घेतली असती? तेवढेच पैसे पहिल्या ढिगात.

टोकाचं चांगलं उदाहरण म्हणजे लॅम्बोर्गिनी डियाब्लो एसई३०, कंपनीच्या तिशीला काढलेली, १५० गाड्या, पॉवर वाढवलेली, एसी आणि म्युझिक काढून वजन कमी केलेलं, साइडच्या काचा प्लास्टिकच्या. रोज वापरायला त्रासदायक. आज साध्या डियाब्लोपेक्षा ती खूप वर विकते आणि त्याचं कारण पाटी नाही.

थांबा: "एक्सक्लुझिव्ह रंग" हा पहिल्या ढिगात टाकायचा मोह होईल. टाकू नका. मोठ्या कंपन्या पैसे दिले की साध्या गाडीलाही मनासारखा रंग मारून देतात.

## टप्पा ४: मर्यादा खरी आहे की नावाची

लिमिटेड म्हणजे काय हे चार प्रकारे सांगितलं जातं आणि चारही प्रकारांना विकणारे एकच शब्द वापरतात. संख्येने मर्यादित, मॉडेल वर्षापुरती मर्यादित, ऑर्डर घ्यायची तारीख मर्यादित, आणि एका मार्केटपुरती मर्यादित. यातली फक्त पहिली खरी मर्यादा, बाकीच्यांत मागणी असेल तेवढ्या गाड्या बनतात.

शेवरलेट कॉर्व्हेट ही यासाठी शाळाच आहे. २००३ ची पन्नासाव्या वर्षाची एडिशन अकरा हजारांहून जास्त बनली. त्याआधी १९७८ ला, पंचविसाव्या वर्षी, इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या पेस कारची (शर्यतीत सगळ्यांच्या पुढे धावणारी गाडी) प्रतिकृती काढली, काळा-चंदेरी रंग, ६५०२ गाड्या. लोकांनी छापील किमतीच्या कितीतरी वर पैसे देऊन घेतल्या, गॅरेजमध्ये उभ्या केल्या, डेकल डिकीतून बाहेरसुद्धा काढले नाहीत. अडचण अशी की हे सगळ्यांनीच केलं. त्यामुळे आजही कमी चाललेल्या त्या गाड्या बाजारात सहज मिळतात आणि महागाई धरली तर ठेवणाऱ्यांच्या हाती फार काही लागलं नाही. संख्या किती यापेक्षा त्यातल्या किती जण जपून ठेवणार हे बघायचं, कारण दुर्मिळ असतं ते शेवटी चांगल्या अवस्थेत उरलेलं.

लॅम्बोर्गिनी काउंटाचची गंमत आणखी वेगळी. १९८८ ची पंचविसाव्या वर्षाची एडिशन साडेसहाशेच्या वर बनली, म्हणजे काउंटाचच्या सगळ्या व्हेरियंटमध्ये सगळ्यात जास्त! सुरुवातीच्या एलपी४०० सुमारे दीडशेच होत्या, त्यांच्यावर कसलीही पाटी नाही, आणि भाव एलपी४०० चाच कितीतरी वर. संग्राहकाला पहिली किंवा सगळ्यात शुद्ध गाडी हवी असते, शेवटची सजवलेली नाही.

जाहीर केलेली संख्या पाळली जाईलच असंही नाही. फेरारीने चाळीस वर्षं झाली म्हणून एफ४० काढली तेव्हा ४०० चं ठरलं होतं, बनल्या १३०० च्या वर. एफ४० चं त्याने काही बिघडलं नाही कारण ती मुळात एडिशन नव्हतीच, अख्खी वेगळी गाडी होती. पण तुमची एडिशन ही जर स्टिकरवर उभी असेल तर संख्या वाढणं परवडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, जी जवळपास कोणी करत नाही: एडिशनमधली खास गोष्ट कंपनी पुढे साध्या मॉडेलला देईल का? २०१६ ची पोर्शे ९११ आर आठवा. वर्धापनाची नव्हती, साठच्या दशकातल्या आरची आठवण म्हणून होती, ९९१ गाड्या. जीटी३ ला तेव्हा मॅन्युअल मिळत नव्हता आणि आरला मॅन्युअल होता, बस, रीसेलचे भाव यादीच्या कित्येक पट. २०१७ मध्ये जीटी३ ला मॅन्युअल परत आला, त्याच वर्षी मोठ्या विंगशिवायचं टूरिंग पॅकेजही आलं, आणि शिखरावर घेतलेल्यांची हवा निघाली. ज्यांनी कंपनीच्या किमतीला घेतली त्यांचं छान झालं. गाडी तीच, टप्पा २ मधला दुसरा तुकडा कोणी भरला एवढाच फरक.

म्हणून टेक्निकल शीट घेऊन बसा आणि पहिल्या ढिगातल्या प्रत्येक गोष्टीसमोर लिहा, पुढच्या फेसलिफ्टला ही साध्या गाडीत येऊ शकते का. एंजिन बंद होणार असेल, नियम बदलत असतील, मॅन्युअल कायमचा जात असेल तर उत्तर "नाही". सॉफ्टवेअर, सस्पेन्शन सेटिंग, बंपर, चाकं यांच्यासमोर डोळे झाकून "हो" लिहा.

तपासा: संख्या कूपे आणि कन्व्हर्टिबल मिळून आहे की वेगवेगळी? अ‍ॅव्हेंटाडोरची पन्नास वर्षांची एडिशन १०० कूपे होती, मग १०० रोडस्टरही आल्या. मॅक्लारेन ५० १२सी पण ५० आणि ५०. "फक्त शंभर" ऐकलंत तर कशाच्या शंभर ते विचारा. पाटीवर तुमच्या गाडीचा क्रमांक असतो की नुसती एकूण संख्या, तेही.

## टप्पा ५: जुन्या एडिशनचा निकाल काढा

आता कुठे बाजारभाव बघायचा. जाहिरातीतल्या किमती बंद करा, त्या फक्त मालकाच्या इच्छा असतात, आणि जी गाडी आठ महिने जाहिरातीत आहे ती त्या किमतीला विकली जात नाहीये हाच तिचा पुरावा. ऑक्शनचे झालेले सौदे बघा. त्यातही हॅमर प्राइस (शेवटची बोली) आणि बायर्स प्रीमियम (ऑक्शनवाले खरेदीदाराकडून वर घेतात ते कमिशन) धरून आलेली किंमत यात गल्लत करू नका, एका नोंदीत एक आणि दुसरीत दुसरं घेतलं की दहा टक्क्यांचा घोळ सहज होतो. विक्री न झालेल्या, राखीव किमतीला न पोचलेल्या गाड्यांच्या शेवटच्या बोलीही लिहून ठेवा, त्यातून बाजार कुठे थांबतो ते दिसतं.

नुसता एडिशनचा भाव बघून काही कळत नाही. त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली, तेवढेच मालक झालेली साधी गाडी कितीला गेली ते शेजारी लिहा आणि भागाकार करा. हा भागाकार हेच तुमचं खरं माप.

आपल्या उदाहरणात परत या. समजा पाच वर्षांनी ती ११६ ची साधी गाडी ७० ला विकली जाते. एडिशन कंपनीच्या किमतीला, १३० ला घेतलीत तर बरोबरी साधायला ती ८४ ला विकली पाहिजे, म्हणजे साधीपेक्षा वीस टक्के वर. डीलरकडून १४५ ला घेतलीत तर ९९ ला, म्हणजे एक्केचाळीस टक्के वर. बघा, घेताना यादीतला फरक बाराच टक्के होता (१३० भागिले ११६), पण खालची गाडी पडली की तेवढेच पैसे भरून निघायला टक्केवारी वाढावी लागते. "दहा-बारा टक्केच तर जास्त" हे वाक्य इथेच फसवतं.

मग त्या कंपनीच्या मागच्या दोन-तीन एडिशन साधीपेक्षा किती टक्के वर विकल्या गेल्या ते बघा. वीसच्या आसपास असतील तर कंपनीच्या किमतीला घेणं ठीक, डीलरच्या किमतीला नाही. आणि तुलना सारख्याशी करा, मशीनमध्ये फरक असलेली एडिशन घेताय तर तशाच जुन्या एडिशनशी, रंगकामवाली घेताय तर रंगकामवालीशी. एफ४० कुठे पोचली हे सांगून कोणी तुम्हाला शिवलेल्या हेडरेस्टवाली गाडी विकत असेल तर हसून सोडा.

एक मुद्दा एडिशनच्या बाजूने आहे तो पण धरा. साध्या गाडीत टाकलेल्या ऑप्शनचे पैसे रीसेलला वाईट परत येतात, एडिशनमध्ये ते गाडीच्या ओळखीचाच भाग असतात म्हणून त्यांची वेगळी घट कोणी करत नाही. त्यामुळे भरपूर ऑप्शनवाली साधी गाडी घेणारच होतात तर एडिशनचं पारडं थोडं जड होतं. कमी ऑप्शनची घेणार असाल तर नाही.

थांबा: आधार असलेलं मॉडेलच पडत असेल तर एडिशन वर तरंगत राहत नाही. मॅक्लारेन १२सी चे भाव जसे घसरले त्यात पाटीवाल्या गाड्याही खाली आल्याच.

## टप्पा ६: ठेवण्याचा खर्च

हे पटकन. एडिशनला जास्तीचं काय लागतं तेवढंच मोजा, कारण बाकीचं साध्या गाडीलाही लागतंच.

इन्शुरन्स ठरलेल्या मूल्यावर घ्या, बाजारभावावर नाही, नाहीतर टोटल लॉस झाला की कंपनी साध्या गाडीची किंमत हातात ठेवते. त्याचा हप्ता जास्त असतो. उभ्या गाडीलाही ऑइल आणि ब्रेक फ्लुइड वेळेवर बदलावं लागतं, किलोमीटरवर नाही तर महिन्यांवर. टायरही उभ्या उभ्या म्हातारे होतात. बॅटरीला मेंटेनर, कोरडी बंद जागा. आणि खास सुटे भाग: एडिशनचं वेगळं कापड, वेगळा कार्बन बंपर, वेगळं चाक दहा वर्षांनी मिळेल का आणि कितीला, हे सर्व्हिसवाल्याला आजच विचारा, विक्रीवाल्याला नाही.

जास्तीचा खर्च पाच वर्षांत ३ आला असं धरा. तो बरोबरीच्या आकड्यात मिळवा, ८४ चे ८७ होतात आणि वीस टक्क्यांचे चोवीस. डीलरच्या किमतीला शेहेचाळीसच्या जवळ जातं.

## टप्पा ७: करार वाचा, विशेषतः विकण्याची अट

कंपन्या आता लगेच विकून नफा काढणाऱ्यांना अडवतात. ९११ एस/टी अमेरिकेत पहिलं वर्ष लीजवरच देत होते, मालकी नंतर. २०१७ च्या फोर्ड जीटीला दोन वर्षं विकायची नाही अशी अट होती, कुस्तीपटू-अभिनेता जॉन सीनाने आधीच विकली म्हणून फोर्डने त्याला कोर्टात खेचलं आणि २०१८ ला तडजोड झाली. म्हणजे अट नुसती शोभेची नसते.

कराराच्या मसुद्यात शोधायचं ते हे: किती महिने विकता येणार नाही, विकायची तर आधी डीलरलाच द्यायची का आणि कुठल्या किमतीला, अट मोडली तर दंड की पुढच्या अलोकेशनमधून (मर्यादित गाड्या कोणाला द्यायच्या त्या वाटपातून) नाव बाद, डिलिव्हरी लांबली तर किंमत बदलू शकते का. त्याच किमतीला परत घेण्याचा हक्क डीलरकडे असेल तर पहिल्या वर्षातला सगळा फायदा त्याचा आणि सगळा धोका तुमचा, हे टप्पा ५ च्या गणितात टाका.

अलोकेशन मिळावं म्हणून आधी दुसऱ्या दोन गाड्या घ्या असं सुचवलं जातं, हे या धंद्यात सर्रास चालतं. त्या दोन गाड्यांवर जो तोटा होईल तो या एडिशनच्या प्रीमियममध्ये मिळवा. लोक मिळवत नाहीत, आणि मग म्हणतात कंपनीच्या किमतीला मिळाली.

## टप्पा ८: वापरलेली एडिशन घेताना

नवीन घेणारे हा टप्पा सोडू शकतात, पण मला विचाराल तर बहुतेकांनी वापरलेलीच घ्यावी, कारण टप्पा ४ चं उत्तर तोपर्यंत बाजाराने दिलेलं असतं.

१. चेसी नंबरवरून कंपनीकडून गाडी मुळात कशी बनली त्याचा दाखला मागवा. साध्या गाडीवर बॅज, पाटी, चाकं लावून एडिशन बनवणं अवघड नाही. पाटीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळला पाहिजे.
२. पेंटची जाडी मीटरने सगळ्या पॅनेलवर मोजा. खास रंगाची गाडी पुन्हा रंगवली असेल तर रंग जुळलाय की नाही हे सावलीत नाही, उन्हात बघा.
३. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचे टायर जाड दिसले तरी बदलायचेच धरा आणि किमतीतून वजा करा.
४. सोबत आलेल्या वस्तू मोजा: दोन्ही चाव्या, पुस्तकं, कव्हर, टूलकिट, बॅग, मूळ किंमतपत्रक. एकेक वस्तू नंतर शोधायला गेलात तर तोंडाला फेस येतो आणि विकताना पुढचा माणूस नेमकी तीच मागतो.
५. सर्व्हिसच्या नोंदीतल्या तारखा बघा, मध्ये तीन वर्षं काहीच नसेल तर कमी किलोमीटर हा गुण नाही, दोष आहे. चालती गाडी आणि उभी गाडी यात बिघडते ती उभी.
६. एंजिन कंट्रोल युनिटमधून जास्त आरपीएमची नोंद काढता येत असेल तर काढून घ्या, पोर्शेत ती मिळते. ट्रॅकवर चुकीच्या गिअरमध्ये टाकलेली गाडी बाहेरून चकाचकच दिसते.

मूळ भाग बदलून आफ्टरमार्केट लावले असतील तर मूळ भाग पेटीत आहेत का विचारा. नसतील तर ती एडिशनच्या भावाची गाडी राहिली नाही, कितीही चांगली चालत असली तरी.

## टप्पा ९: कमाल आकडा लिहा

आता आकडा काढायचा. बरोबरीची किंमत घ्या. त्यात पहिल्या ढिगाची तुम्ही ठरवलेली किंमत मिळवा. तिसऱ्या ढिगाला शून्य, फार तर टप्पा १ मध्ये हौसेसाठी जेवढे सोडलेत तेवढे. चौथ्या ढिगाला टप्पा ५ च्या जुन्या निकालातून जेवढं सिद्ध होतं तेवढंच, त्यातून ठेवण्याचा जास्तीचा खर्च वजा.

आपल्या उदाहरणात समजा पहिला ढीग ६, हौस ४, संख्येचे ५, खर्च वजा ३. म्हणजे ११६ अधिक १२, कमाल १२८. कंपनीची किंमत १३०, तेव्हा दोनने जास्त, मनाला फारच पटत असेल तर घ्या, तो दोनचा तोटा ठाऊक असून घेताय. १४५ ला मात्र नाही, आणि "मग १४० ला बोलू" असंही नाही.

दोन ठिकाणी मी हा आकडा थोडा ताणायला तयार असतो. एक, जिथे एंजिन किंवा मॅन्युअल गिअरबॉक्स त्या गाडीबरोबर कायमचा संपतोय आणि संख्या खरंच लहान आहे, ॲस्टन मार्टिनची ११० वर्षांची व्हॅलर बघा, ११० गाड्या, व्ही१२ ला सहा गिअरचा मॅन्युअल, असं कॉम्बिनेशन सहसा मिळत नाही. दोन, जिथे तुम्ही गाडी दहा-पंधरा वर्षं खरोखर चालवणार आहात, कारण तेव्हा जास्तीचे पैसे वर्षांवर वाटले जातात आणि रीसेलचा प्रश्न लांब जातो. रंगकामवाल्या एडिशनसाठी मी कमाल आकड्याच्या वर एक पैसाही देऊ नका म्हणेन, दोन-तीन वर्षं थांबा, पहिल्या मालकाने प्रीमियम भरलेला असतो आणि तीच गाडी साधीच्या जवळपास येते.

कमाल आकडा फोनमध्ये लिहून ठेवा आणि डीलरशी बोलायला जाताना सोबत असा माणूस न्या ज्याला गाड्यांचं काही पडलेलं नाही. बोलणी आकड्याच्या वर गेली की उठायचं काम त्याच्याकडे.